मूठभर धान्याची शाळा

चाकण पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्या बचत गटाच्या कामासाठी माझं जाणं-येणं असतं. तिथे एका कंपनीनं संगणकाची खोली बांधून दिली. फीत कापली, फोटो निघाले, पेढे वाटले. पुढच्या वेळी गेले तर खोलीला कुलूप! किल्ली कुणाकडे, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी येताना मला राहून राहून कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण येत होती. अण्णांची आणि त्याहून जास्त लक्ष्मीवहिनींची.

मैत्रिणींनो, अण्णा आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेत. दाढीवाले, खादीतले. पण हा माणूस एकेकाळी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरायचा, हे किती जणींना माहीत असेल? त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर भागातल्या कुंभोजचा. मॅट्रिकची परीक्षा काही पार पडली नाही. पुढे साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. मालकांशी मतभेद झाले आणि त्यांनी तिथून पाय काढला. म्हणजे कारखाना, नफा, विक्री हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं. नांगर विकताना शेतकऱ्याचं घरही आतून पाहिलं, आणि त्या घरातलं पोर शाळेत जात नाही हेही.

१९१९ साली कराडजवळ काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

आता ही पंगत वाढत कोण होतं? लक्ष्मीबाई. मुलं त्यांना वहिनी म्हणायची. सोवळ्याओवळ्याच्या जैन घरातली ही बाई, पण दलित मुलांना पोटच्या पोरांसारखं जेवू घालायची. माहेरचं अंगावरचं सोनं एकेक करून धान्याच्या दुकानात गेलं. एकदा अण्णा बाहेरगावी असताना बोर्डिंगात दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिलं. त्या काळात सवाष्ण बाईनं मंगळसूत्र काढायचं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. खरं सांगू का, अण्णांबद्दल कितीही आदर असला तरी इथे मला त्यांचा थोडा रागच येतो. संसार दोघांचा, आणि झळ मात्र हिच्या गळ्याला. १९३० मध्ये वहिनी गेल्या. संस्थेचा पसारा त्यांना पाहायला मिळालाच नाही.

पैसा आणायचा कुठून, हा अण्णांचा रोजचा प्रश्न. त्यांनी गावातल्या बायांपुढे हात पसरला. रोज दळताना, स्वयंपाकाला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगला द्यायचं. यालाच मुष्टिफंड म्हणायचे. एक मूठ काढल्यानं घरात कुणी उपाशी राहत नाही, पण शंभर घरांच्या मुठी म्हणजे पोत्यांवर पोती. आणि जिची मूठ त्या पोत्यात आहे, ती चौकशी करतेच ना, की पोरं शिकतात का!

१९३५ मध्ये त्यांनी खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारं विद्यालय काढलं. मग शाळा नसलेल्या गावांत व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या. जागा गावाची, म्हणजे देऊळ, चावडी नाहीतर धर्मशाळा, आणि शिक्षक संस्थेचा. अशा ५७८ शाळा निघाल्या आणि पुढे त्या स्कूल बोर्डाकडे गेल्या. म्हणजे आधी लोकांनी चालवून दाखवलं, मग सरकारी व्यवस्थेनं उचललं. १९४० मध्ये साताऱ्याला सयाजीराव महाराजांच्या नावानं हायस्कूल निघालं, तिथे मुलं कष्ट करून शिकायची. शेतात राबायचं, दगड फोडायचे आणि पुन्हा वर्गात बसायचं.

१९४८ साली सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचं अनुदान बंद झालं. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि पुढे ते पुन्हा सुरू झालं. पण मधल्या काळात संस्था तगली ती लोकांच्या वर्गणीवर. ९ मे १९५९ रोजी अण्णा गेले. आज पिंपरीतही रयतचं महात्मा फुले महाविद्यालय उभं आहे.

कंपन्यांच्या पैशाला मी नाव ठेवत नाही बरं का. २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात. आपल्या पट्ट्यात तर कारखान्यांना तोटा नाही. तो पैसा शाळांना मिळायलाच हवा. फक्त त्यात गावाची मूठ नाही, म्हणून किल्ली हरवली तरी कुणाला काही वाटत नाही.

गटाच्या बैठकीत मी हे सगळं बोलले. बाया थोडा वेळ गप्पच होत्या. मग एकीनं दहा रुपये पुढे केले, कुलूप बदलायला. नव्या कुलपाची किल्ली आता शाळेशेजारी राहणाऱ्या तिच्याच घरी, चुलीवरच्या खुंटीला असते.