जॉनी युनायटस

जॉन कॉन्स्टन्टाइन युनायटस (जन्म : पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया, ७ मे १९३३, मृत्यू : मेरीलँड, ११ सप्टेंबर २००२) हे अमेरिकन फुटबॉलमधील एक ख्यातनाम व्यावसायिक खेळाडू होते. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) ते १९५६ ते १९७३ या काळात क्वार्टरबॅक म्हणून खेळले. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती द्यायचा की दूर फेकायचा, हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते. युनायटस यांची बहुतेक कारकीर्द बाल्टिमोर कोल्ट्स या संघात गेली.

प्रारंभिक जीवन

युनायटस यांचे कुटुंब लिथुएनियन वंशाचे होते. ते पाच वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. त्यानंतर आईने कोळसा पोहोचवण्याचा घरचा व्यवसाय सांभाळून मुलांना वाढवले. किरकोळ शरीरयष्टीमुळे नोत्र दाम विद्यापीठाने त्यांना संघात घेतले नाही, म्हणून त्यांनी लुईव्हिल विद्यापीठात प्रवेश घेतला.

१९५५ साली पिट्सबर्ग स्टीलर्सने खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या नवव्या फेरीत त्यांना निवडले. परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वीच, एकाही सामन्यात संधी न देता, त्यांना वगळण्यात आले. पोट भरण्यासाठी युनायटस बांधकामावर काम करू लागले आणि ब्लूमफिल्ड रॅम्स या स्थानिक अर्धव्यावसायिक संघाकडून प्रतिसामना ६ डॉलर मानधनावर खेळत राहिले.

बाल्टिमोर कोल्ट्स

१९५६ मध्ये प्रशिक्षक वीब यूबँक यांच्या कोल्ट्स संघाने त्यांना करारबद्ध केले. शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ जखमी झाल्याने युनायटस मैदानात उतरले. त्यांचा पहिलाच पास प्रतिस्पर्ध्याने झेलला आणि थेट टचडाऊन केला. कोल्ट्स तो सामना हरले, तरी पुढील सामन्यांत युनायटस यांनी आपले स्थान पक्के केले.

१९५८ चा अंतिम सामना

२८ डिसेंबर १९५८ रोजी न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर कोल्ट्स आणि न्यू यॉर्क जायंट्स यांच्यात अजिंक्यपदाचा सामना झाला. अखेरची दोन मिनिटे उरली असताना कोल्ट्स १४–१७ असे मागे होते. युनायटस यांनी रेमंड बेरी यांना सलग तीन पास देत संघाला गोलजवळ नेले. सात सेकंद बाकी असताना स्टीव्ह मायरा यांच्या फील्ड गोलने बरोबरी झाली. जादा वेळेत युनायटस यांनी ८० यार्डांची चाल रचली, तिच्या शेवटी ॲलन अमीची यांनी टचडाऊन केला आणि कोल्ट्सने २३–१७ असा विजय मिळवला. एनएफएलच्या अजिंक्यपदाचा निकाल जादा वेळेत लागण्याची ही पहिलीच वेळ होती. देशभर दूरचित्रवाणीवरून दाखवल्या गेलेल्या या सामन्याने व्यावसायिक फुटबॉलची लोकप्रियता वाढवली. १९५९ मध्येही जायंट्सला हरवून कोल्ट्सने अजिंक्यपद राखले.

विक्रम व उत्तरकाळ

१९५६ ते १९६० दरम्यान युनायटस यांनी सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाऊन पास दिला. हा विक्रम २०१२ पर्यंत, म्हणजे ड्रू ब्रीस यांनी मोडेपर्यंत, अबाधित राहिला. १९५९, १९६४ आणि १९६७ या हंगामांत असोसिएटेड प्रेसने त्यांना सर्वात मौल्यवान खेळाडू ठरवले. पासद्वारे ४०,००० यार्डांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले क्वार्टरबॅक होत. कारकिर्दीत त्यांनी ४०,२३९ यार्ड आणि २९० टचडाऊन पास नोंदवले. त्याचबरोबर त्यांचे २५३ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले.

१९६८ च्या हंगामापूर्वी त्यांच्या उजव्या हाताच्या कोपराला गंभीर दुखापत झाली. जानेवारी १९७१ मधील पाचव्या सुपर बोलमध्ये त्यांनी जॉन मॅकी यांना ७५ यार्डांचा टचडाऊन पास दिला. नंतर जखमी झाल्याने त्यांना मैदान सोडावे लागले, मात्र कोल्ट्सने डॅलस काउबॉइजवर १६–१३ अशी मात केली. १९७३ चा हंगाम सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळून ते निवृत्त झाले. १९७९ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

निवृत्तीनंतर जुन्या दुखापतीने उजव्या हाताच्या बोटांवरील त्यांचा ताबा बराचसा गेला. अपंगत्वाच्या भरपाईची त्यांची मागणी मान्य झाली नाही. १९८४ मध्ये कोल्ट्स संघ इंडियानापोलिसला हलवण्यात आला, तेव्हा युनायटस यांनी त्या संघाशी संबंध तोडले आणि बाल्टिमोरशी निष्ठा कायम ठेवली.

११ सप्टेंबर २००२ रोजी व्यायाम करताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. बाल्टिमोर रेव्हन्स संघाच्या स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा आहे. सर्वोत्तम महाविद्यालयीन क्वार्टरबॅकसाठीचा एक वार्षिक पुरस्कारही त्यांच्या नावाने दिला जातो.