रंगो बापूजी : साताऱ्याच्या छत्रपतींचे लंडनमधील वकील

‘वकील’ हा शब्द आज कानी पडला की काळा कोट आणि न्यायालय डोळ्यांपुढे येते. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात या शब्दाचा अर्थ निराळा होता. एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या दरबारी नेमलेला प्रतिनिधी म्हणजे वकील. दिल्लीत हिंगणे आणि निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे हे या अर्थाने पेशव्यांचे वकील होते. रंगो बापूजी गुप्ते यांचे चरित्र वाचताना हा जुना अर्थ ध्यानी ठेवावा. कारण त्यांची नेमणूक त्या अर्थाने झाली आणि त्यांना वागणूक मात्र नव्या अर्थाने मिळाली.

रोहिडखोऱ्यातील दादाजी नरसप्रभू यांच्या घराण्यात जन्मलेले रंगो बापूजी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या सेवेत होते. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह केला. रेसिडेंटच्या मध्यस्थीवाचून इतर सत्तांशी पत्रव्यवहार करू नये, ही त्यातील अट आपण विशेष लक्षपूर्वक पाहावी. राज्य मिळाले, परंतु राज्याला वकील नेमण्याची मुभा उरली नाही. पुढे जहागीरदारांवरील हक्कांवरून वाद वाढला. गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी गुप्त संधान बांधल्याचा आणि कंपनीच्या देशी शिपायांना फितवल्याचा आरोप महाराजांवर आला. आरोप मान्य केल्यास क्षमा मिळणार होती. महाराजांनी ते नाकारले. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पुढे काशीला धाडण्यात आले आणि धाकटे बंधू आप्पासाहेब ऊर्फ शहाजी गादीवर बसले.

महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या कामाचे स्वरूप विलक्षण होते. ज्या कंपनीने राजाला पदच्युत केले, तिच्याच भागधारकांच्या सभेपुढे, लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउसमध्ये, न्याय मागायचा. तेथे दाद लागली नाही तर पार्लमेंटच्या सभासदांना गाठायचे. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतील वक्ते जॉर्ज थॉम्प्सन आणि पार्लमेंटमधील जोसेफ ह्यूम यांनी साताऱ्याचा प्रश्न उचलून धरला. रंगो बापूजींच्या नावाने इंग्रजीत निवेदने छापली गेली. दरबारी खलित्याची रीत जाणणाऱ्या या गृहस्थाने छापील पत्रक, सभा आणि लोकमत ही इंग्रजांचीच साधने हाती घेतली. माझ्या मते त्यांच्या कर्तृत्वाचा हा भाग १८५७ च्या प्रसंगांहून अधिक अभ्यसनीय आहे; पण पोवाड्यांना तो सोयीचा नाही, म्हणून मागे पडला.

या खटपटीचे कागद आज विखुरलेले आहेत. पार्लमेंटने साताराप्रकरणाची कागदपत्रे छापली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनीचे दप्तर आहे. मुंबई सरकारच्या राजकीय विभागाचे खंड एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आहेत. मराठी पत्रे वाचावयाची तर मोडी यावी लागते. इंग्रजी सूचीत ‘रंगो बापूजी’ शोधाल तर कदाचित काहीच सापडणार नाही. तेथे ते ‘रुंगो बापोजी’ आहेत आणि सातारा दोन ‘टी’ घालून ‘सत्तारा’ असा लिहिलेला आहे. मराठी ‘अ’ इंग्रज कानाला ‘यू’ अक्षराजोगा वाटे, हे भाषाविज्ञानाच्या घटकात आपण पाहिले आहेच. आणखी एक गोष्ट विसरू नये. या कागदांतील मोठा भाग प्रतिपक्षाने लिहिलेला व जपलेला आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ या ग्रंथात वकिलाच्या बाजूने ही हकिकत मांडली, तीही मग या कागदांशेजारी ठेवून वाचावी.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज काशीत वारले. १८४८ मध्ये शहाजीही वारले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. ज्यांच्या वतीने बोलायचे तो राजा नाही, ज्याच्यासाठी बोलायचे ते राज्य नाही. तरीही रंगो बापूजी आणखी पाच वर्षे लंडनमध्ये अर्ज करीत राहिले. डोक्यावर कर्ज होते. अखेर त्यांच्या परतीच्या प्रवासाचा खर्च कंपनीनेच सोसला.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी अर्जांचा मार्ग सोडला. १८५७ मध्ये साताऱ्यातील उठावाचा बेत फुटला. ८ सप्टेंबर रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. त्यांत त्यांचे पुत्र सीताराम होते. रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत. वागळे इस्टेटमधील पाळी संपवून ठाण्याच्या जुन्या बाजारात येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी जांभळी नाक्यावरून ये-जा केली असेल. तेथील चौकाला त्यांचे नाव आहे. ५ जुलै १८५७ रोजी ते एका लग्नानिमित्त तेथील विठ्ठल मंदिराजवळच्या घरी उतरले होते. शिपायांचा वेढा पडताच काठी टेकणाऱ्या म्हातारीच्या वेषात बाहेर पडले, असे ठाण्यात परंपरेने सांगितले जाते. त्यानंतर त्यांचा माग सरकारला लागला नाही.