बंडखोरीची शिस्त

रॉक संगीत म्हटले की सुशिक्षित मध्यमवर्गीयांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. वाढलेले केस, कानठळ्या बसविणारा गोंगाट, मादक द्रव्यांची धुंदी आणि बेबंद आयुष्याचा अकाली शेवट. अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा याचे छायाचित्र पाहणाऱ्यास तोही याच मालिकेतला एक वाटावा. खांद्यावर रुळणारे केस, झुबकेदार मिशा आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाविषयीचा उपहास. परंतु या माणसाला मादक द्रव्यांचा तिटकारा होता आणि दौऱ्यावर असताना सहकाऱ्यांनी त्यांना शिवता कामा नये असा त्याचा दंडक होता. रात्रीच्या रात्री मेजाशी बसून तो स्वरलेखनाचे कागद भरीत असे. ५२ वर्षांच्या आयुष्यात त्याच्या साठाहून अधिक ध्वनिमुद्रिका निघाल्या. बंडखोरी आणि शिस्त या परस्परविरोधी गोष्टी आहेत, ही आपली समजूत किती उथळ आहे, हे त्याच्या चरित्रावरून ध्यानात येते.

झॅपाचा जन्म २१ डिसेंबर १९४० रोजी मेरिलँड राज्यातील बाल्टिमोर शहरी झाला. वडील मूळचे सिसिलीचे. ते लष्करी संशोधनाशी संबंधित नोकरी करीत. रासायनिक अस्त्रांच्या एका केंद्राजवळ हे कुटुंब राहत असे आणि अपघात झालाच तर उपयोगी पडावेत म्हणून घरात विषारी वायूपासून रक्षण करणारे मुखवटे ठेवलेले असत. मुलगा दम्याने आणि कानांच्या दुखण्याने सतत आजारी. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आले आणि वडिलांच्या बदलत्या नोकऱ्यांबरोबर गावेही बदलत राहिली. १९५६ च्या सुमारास ते मोहावी वाळवंटाच्या कडेला असलेल्या लँकेस्टर या गावी स्थिरावले.

संगीताचा वारसा म्हणावा असे घरात फारसे काही नव्हते. झॅपा तेरा-चौदा वर्षांचा असताना एका नियतकालिकात त्याने एडगार व्हारेझ या संगीतकाराच्या ध्वनिमुद्रिकेविषयी वाचले. फ्रान्समध्ये जन्मून न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या व्हारेझची तेरा वादकांसाठी रचलेली, जवळजवळ सर्वस्वी तालवाद्यांची एक रचना त्या काळी रसिकांना निव्वळ गोंगाट वाटत असे. मुलाने ती तबकडी शोधून काढली, मिळेल त्या पैशांत विकत घेतली आणि घरच्यांच्या कपाळावरील आठ्यांकडे दुर्लक्ष करून ती पुनःपुन्हा ऐकली. पंधराव्या वाढदिवशी आईने भेट काय हवी असे विचारले, तेव्हा त्याने न्यूयॉर्कला व्हारेझच्या घरी दूरध्वनी करू देण्याची परवानगी मागितली. व्हारेझ त्या दिवशी परदेशी होते. त्यांच्या पत्नीशी बोलणे झाले. पुढे व्हारेझ यांचे पत्र आले आणि ते त्याने आयुष्यभर जपून ठेवले.

त्याच वेळी कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज संगीताचेही त्याला वेड लागले होते. स्ट्राव्हिन्स्की आणि वेबर्न यांच्या रचना व ब्लूज गिटारवादकांच्या स्वस्त तबकड्या त्याच्या खोलीत शेजारी शेजारी नांदत. यांतले एक अभिजात आणि दुसरे हलके, असा भेद त्याने तेव्हाही केला नाही आणि पुढेही कधी केला नाही. शाळेत असतानाच त्याने गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे मिश्र वादकपथक उभे केले. पन्नाशीच्या दशकातील लहान गावात ही गोष्ट अनेकांना रुचणारी नव्हती. महाविद्यालयात तो फार काळ टिकला नाही. रचनाशास्त्राचे त्याचे बहुतेक शिक्षण झाले ते सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तकांतून आणि तबकड्या ऐकून.

राजसत्तेशी त्याची पहिली गाठ पडली ती १९६५ साली. कुकामोंगा गावी त्याने एक लहानसे ध्वनिमुद्रणगृह चालविले होते. वेषांतर करून आलेल्या एका पोलिसाने त्याच्याकडून पैसे देऊन एक चावट ध्वनिफीत करवून घेतली आणि त्याच आरोपाखाली त्याला पकडले. सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतील दहा दिवस त्याला प्रत्यक्ष कोठडीत काढावे लागले. नीतिरक्षणाच्या नावाखाली कायदा कसा वाकविता येतो, याचा हा अनुभव तो कधीच विसरला नाही.

१९६६ साली 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' या त्याच्या वाद्यवृंदाची 'फ्रीक आउट' ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. रॉक संगीतात दोन तबकड्यांचा संच तोवर दुर्मीळच होता. तीत प्रेमगीतांची टिंगल होती, आदल्या वर्षी लॉस एंजेलिसच्या वॅट्स भागात उसळलेल्या वांशिक दंगलीवर भाष्य होते आणि व्हारेझची आठवण करून देणारे ध्वनिप्रयोगही होते. त्या काळी अमेरिकेतील तरुण पिढी फुले आणि शांततेचे नारे घेऊन रस्त्यावर उतरली होती. झॅपा तिचा प्रवक्ता झाला असता तर त्याला अमाप लोकप्रियता मिळाली असती. १९६८ सालच्या ध्वनिमुद्रिकेत त्याने नेमके याच हिप्पी पंथाचे वाभाडे काढले. एकाच साच्याचे कपडे घालून, एकाच साच्याची वाक्ये बोलून आपण स्वतंत्र झालो असे मानणारे तरुण त्याला त्यांच्या आईबापांइतकेच गतानुगतिक वाटत. बीटल्सच्या गाजलेल्या मुद्रिकेच्या वेष्टनाचेही त्याने विडंबन केले. सत्तेची थट्टा करणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या श्रोत्यांची थट्टा करण्याचे धैर्य विरळा.

त्याच्या कामाची पद्धत एखाद्या कडक शिक्षकासारखी होती. त्याच्या वाद्यवृंदात जागा मिळविण्यासाठी वादकाला अवघड परीक्षेतून जावे लागे आणि मग आठवडेच्या आठवडे तालीम चाले. 'द ब्लॅक पेज' नावाची त्याची एक रचना आहे. कागदावर स्वरचिन्हांची इतकी दाटी की पान काळे दिसावे, म्हणून हे नाव. रंगमंचावर मात्र तो हाताच्या एका खुणेने चालू गीताचा ढंग बदलून टाकी आणि गिटारवर दीर्घ, उत्स्फूर्त वादन करी. बांधलेली रचना आणि ऐन वेळची कल्पकता यांचा असा मेळ आपल्याकडील मैफलीच्या श्रोत्यास अपरिचित वाटू नये. भारतीय व्हायोलिनवादक एल. शंकर यांची १९७९ सालची ध्वनिमुद्रिका झॅपानेच निर्माण केली होती, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

१९७१ चा डिसेंबर महिना त्याच्या आयुष्यात अतिशय वाईट ठरला. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे त्याचा कार्यक्रम चालू असताना सभागृहाला आग लागली आणि वाद्यवृंदाचे सारे साहित्य जळून गेले. अवघ्या सहा दिवसांनी लंडनमध्ये एका प्रेक्षकाने त्याला रंगमंचावरून खाली ढकलले. हाडे मोडली, कंठाला इजा होऊन आवाज कायमचा खाली उतरला आणि कित्येक महिने चाकांच्या खुर्चीत गेले. त्या खुर्चीत बसूनही त्याने मोठ्या वाद्यवृंदासाठी रचना लिहिण्याचे काम चालू ठेवले.

ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांशी त्याचा झगडा मात्र अखंड चालला. कधी त्याला न विचारता गीतांतील ओळी कापल्या जात, तर कधी हिशेबाचे वाद न्यायालयात जात. अखेर १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याने स्वतःची कंपनी काढली, घरीच ध्वनिमुद्रणगृह उभारले आणि मुद्रिका टपालाने विकण्याची व्यवस्था केली. पुढे जुन्या ध्वनिफितींचे हक्कही त्याने परत मिळविले. १९८३ साली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून आपल्या रचना वाजवून घेण्यासाठी त्याने स्वतःच्या खिशातून पैसे खर्च केले. गिटारच्या कार्यक्रमांतून मिळालेली कमाई ज्यातून एक पैसाही सुटण्याची आशा नाही अशा संगीतावर त्याने ओतली. कलेला आश्रय मिळत नाही म्हणून हळहळत बसण्यापेक्षा स्वतःच स्वतःचा आश्रयदाता होणे त्याने पसंत केले. पुढल्याच वर्षी पिएर बुलेझ यांच्यासारख्या मान्यवर फ्रेंच संगीतकाराने त्याच्या रचनांचे संचालन करून त्याच्या गांभीर्यावर शिक्कामोर्तब केले.

त्याच्या विचारांची खरी कसोटी लागली ती १९८५ साली. वॉशिंग्टनमधील काही वजनदार राजकारण्यांच्या पत्नींनी रॉक गीतांतील अश्लीलतेविरुद्ध संघटना काढली होती. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या पत्नी सुसान बेकर या तिच्यात प्रमुख होत्या. मुद्रिकांवर इशारेवजा शिक्के मारावेत अशी त्यांची मागणी होती. १९ सप्टेंबर रोजी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली तेव्हा झॅपा केस कापून, कोट आणि टाय घालून हजर झाला. आक्षेपार्ह गीतांच्या यादीत त्याचे स्वतःचे एकही गीत नव्हते. तो बोलला ते तत्त्वासाठी. मुलांनी काय ऐकावे हे ठरविणे आईबापांचे काम आहे, त्यांना मदत करायची तर गीतांचे शब्द वेष्टनावर छापावेत, पण शब्दांची चौकशी करण्याचा अधिकार शासनाच्या हाती देऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. कोऱ्या कॅसेटवर कर बसावा म्हणून धडपडणाऱ्या कंपन्या या प्रकरणात इतक्या मवाळ का झाल्या आहेत, असाही रोखठोक प्रश्न त्याने उपस्थित केला. अर्थात शिक्के आलेच. कंपन्यांनी ते आपण होऊन स्वीकारले. झॅपा हरला, पण आपल्या बाजूचा युक्तिवाद त्याने कायमचा नोंदवून ठेवला.

अशा माणसाच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. त्याच्या गीतांत पुष्कळदा शाळकरी चावटपणा आढळतो आणि स्त्रियांची टवाळी तर वारंवार येते. १९७९ साली एका गीतावरून अमेरिकेतील ज्यूंच्या संघटनेने त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. त्याने माफी मागितली नाही. उपहास सर्वांवर सारखाच करावा हे त्याचे धोरण. पण समाजात सर्वांची ताकद सारखी नसते, आणि दुबळ्यावर झालेला वार अधिक खोल जातो, हे त्याने कधी मनावर घेतले नाही. मूळच्या वाद्यवृंदातील सहकाऱ्यांना १९६९ साली त्याने एकाएकी निरोप दिला, त्याचा सल त्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिला. स्वतःच्या कामापुढे माणसांची पर्वा न करणे हा त्याच्या शिस्तीचाच काळा भाग होता.

त्याच्या संगीताचा राजकीय अर्थ सर्वांत लवकर कळला तो पोलादी पडद्यामागे. १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर प्राग शहरात स्थापन झालेल्या एका वाद्यवृंदाने झॅपाच्या एका गीतावरून आपले नाव 'प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' असे ठेवले. १९७६ साली या मंडळींवर खटला झाला, त्यांना तुरुंगात टाकण्यात आले आणि त्या अन्यायाच्या प्रतिक्रियेतून पुढच्या वर्षी 'चार्टर ७७' ही नागरी हक्कांची सनद पुढे आली. तिचे एक प्रवर्तक, नाटककार व्हात्स्लाव्ह हावेल, १९८९ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी १९९० मध्ये झॅपा प्रागला गेला तेव्हा त्याचे स्वागत एखाद्या राष्ट्रपुरुषासारखे झाले. व्यापार आणि संस्कृती यांच्या क्षेत्रात आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून त्याने काम करावे अशी हावेल यांची इच्छा होती. ती फळास आली नाही. त्यामागे अमेरिकेची नाराजी असल्याचे तेव्हा बोलले गेले. सुसान बेकर यांचे पती त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते.

त्याच वर्षी झॅपाला पुरःस्थ ग्रंथीचा असाध्य कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. उरलेला काळ त्याने नेहमीसारखाच कामात घालविला. जून १९९१ मध्ये सोव्हिएत फौजांना निरोप देण्यासाठी प्रागमध्ये झालेल्या समारंभात त्याने गिटार वाजविली. सप्टेंबर १९९२ मध्ये जर्मनीतील 'आन्सांब्ल मोडेर्न' या वाद्यवृंदाने त्याच्या रचना मनापासून बसवून सादर केल्या. मनाजोगे वादन ऐकण्याची त्याची आयुष्यभराची इच्छा अशी पुरी झाली, पण सर्व कार्यक्रमांना हजर राहण्याइतके बळ त्याच्या अंगात उरले नव्हते. ४ डिसेंबर १९९३ रोजी लॉस एंजेलिस येथील राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या दफनाच्या जागी नावाचा दगड नाही. लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस येथे मात्र १९९५ साली त्याचा अर्धपुतळा उभा राहिला आणि तो घडविला सोव्हिएत नेत्यांचे पुतळे घडविण्यात हयात घालविलेल्या शिल्पकाराने. घराच्या तळघरात त्याने जपलेल्या असंख्य ध्वनिफितींतून अजूनही नवनव्या मुद्रिका निघत आहेत. कंपन्यांच्या हातून झगडून सोडवून आणलेला हा ठेवा २०२२ साली वारसांनी एका बलाढ्य कंपनीस विकला, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल. त्याच्या हयातीत मात्र त्यावर मालकी त्याचीच होती. स्वातंत्र्य मागणारे कलावंत प्रत्येक काळात असतात; त्याची किंमत श्रमाने, पैशाने आणि लोकप्रियतेवर पाणी सोडून स्वतःच चुकती करणारे थोडे. झॅपाची गणना या थोड्यांत करावी लागेल, मग त्याचे संगीत कानाला रुचो वा न रुचो.