कराडनं तीनदा आमदार केलं, पण १९५७ ला यशवंतराव चव्हाण पडता पडता वाचले होते

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोण, असं विचारलं तर शाळेतलं पोरगंही यशवंतराव चव्हाणांचं नाव सांगतं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्यही सगळ्यांना पाठ असतं. पण याच यशवंतरावांना एकदा त्यांच्याच कराडमध्ये घाम फुटला होता. राज्याचा मुख्यमंत्री स्वतःच्या गावाकडच्या मतदारसंघात पडतोय की काय, अशी वेळ आली होती.

ही वेळ का आली आणि ते वाचले कसे, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतंय.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा. गाव देवराष्ट्रे. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता ते सांगली जिल्ह्यात येतं. वडील बळवंतराव लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी पोरांना वाढवलं. घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी कराड गाठलं आणि टिळक हायस्कूलमध्ये नाव घातलं.

शाळेत असतानाच ते चळवळीत ओढले गेले. १९३२ साली कराडमध्ये तिरंगा फडकवला म्हणून त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बीए आणि पुण्यातून वकिली पूर्ण केली. २ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं. दोनच महिन्यांनी चले जावची हाक आली आणि नवरदेव भूमिगत झाले.

याची किंमत घरानं मोजली. यशवंतराव सापडत नाहीत म्हणून पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. त्या आजारी पडल्या. त्यांना भेटायला यशवंतराव फलटणला आले आणि तिथंच पकडले गेले.

कराडच्या राजकारणातलं यशवंतरावांचं खरं भांडवल या काळात तयार झालं. भूमिगत असताना कोणाच्या माळ्यावर झोपायचं, कोणाच्या रानात लपायचं, निरोप कोणाकडं द्यायचा, हे सगळं गावागावातल्या माणसांवर चालायचं. ती माणसं पुढं आयुष्यभर टिकली.

१९४६ ला ते दक्षिण साताऱ्यातून मुंबई विधिमंडळात गेले आणि संसदीय सचिव झाले. देश स्वतंत्र झाल्यावर प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक १९५२ ला झाली. यशवंतराव कराड उत्तरमधून निवडून आले आणि मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात पुरवठामंत्री झाले.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोळ सुरू झाला तो भाषावार प्रांतरचनेवरून.

मराठी माणसाला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा होता. दिल्ली मुंबई द्यायला तयार नव्हती. लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार झाले, शंभरावर माणसं हुतात्मा झाली. मोरारजी मराठी माणसाच्या रागाचे धनी झाले.

यात यशवंतरावांची भूमिका काय होती? संयुक्त महाराष्ट्र त्यांनाही हवा होता. पण तो काँग्रेसमध्ये राहून, नेहरूंना पटवून मिळवायचा असं त्यांचं मत होतं. १९५५ च्या डिसेंबरात फलटणमध्ये त्यांनी हे उघड सांगितलं. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यातून एकच निवडायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं जाऊ, असा त्याचा अर्थ होता.

झालं, लोक खवळले. यशवंतरावांवर सूर्याजी पिसाळ असल्याचे शिक्के बसले. आचार्य अत्र्यांच्या लेखणीनं आणि भाषणांनी त्यांना सोलून काढलं.

तोडगा म्हणून दिल्लीनं गुजरात, विदर्भ, मराठवाडा सगळं एकत्र करून विशाल द्वैभाषिक राज्य केलं. त्याचा नेता निवडताना यशवंतराव आणि भाऊसाहेब हिरे यांच्यात लढत झाली. यशवंतरावांना ३३३ मतं पडली, हिरेंना १११. १ नोव्हेंबर १९५६ ला ४३ वर्षांचे यशवंतराव मुख्यमंत्री झाले. पण ज्या राज्याचे ते मुख्यमंत्री झाले, ते राज्यच मराठी लोकांना नको होतं.

आणि चारच महिन्यांत निवडणूक लागली.

१९५७ : मुख्यमंत्र्याची सीट धोक्यात

एसेम जोशी, कॉम्रेड डांगे, अत्रे, शेतकरी कामगार पक्ष असे सगळे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली एकत्र आले होते. पश्चिम महाराष्ट्रात तर काँग्रेसचं नाव घेणं अवघड झालं होतं. त्यात सातारा म्हणजे पत्रीसरकारचा जिल्हा. इथला माणूस इंग्रजाला भ्यायला नव्हता, तो काँग्रेसला काय भिणार होता?

कराड उत्तरमध्ये यशवंतरावांच्या समोर शेकापचे केशवराव पवार उभे होते. बेचाळीसच्या चळवळीत खांद्याला खांदा लावून लढलेली कित्येक माणसं आता समितीकडून यशवंतरावांच्या विरोधात प्रचार करत होती.

आता कोणी म्हणेल, मुख्यमंत्री पडला असता तर काय मोठं झालं असतं? १९५२ ला मोरारजी देसाई स्वतःची जागा हरले होते आणि तरीही मुख्यमंत्री झाले होते. नंतर पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. कायद्यानं ते चालतं.

पण यशवंतरावांची गोष्ट वेगळी होती. मराठी माणसाचं मन मी दिल्लीपर्यंत पोचवतो, एवढ्याच एका मुद्द्यावर त्यांचं सगळं राजकारण उभं होतं. कराडनंच त्यांना नाकारलं असतं तर त्यांचं दिल्लीत कोण ऐकणार होतं? विदर्भ, मराठवाड्यात काँग्रेसची हवा बरी होती. पण यशवंतराव उभे राहिले ते कराडमधूनच.

निकाल लागला. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे मोठमोठे गड आडवे झाले. शेजारच्या कराड दक्षिणमधून शेकापचे यशवंतराव मोहिते निवडून आले. म्हणजे कराडच्या एका बाजूला समितीचे यशवंतराव आणि दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे यशवंतराव.

यशवंतराव चव्हाण वाचले, पण मताधिक्य होतं दोन हजारांपेक्षाही कमी. इकडची हजारभर मतं तिकडं गेली असती तर मुख्यमंत्री पडले असते. पक्षावरचा राग लोकांनी मतपेटीत टाकला होता, पण बेचाळीसची ओळख ठेवणारी गावं शेवटी उपयोगी पडली, असंच म्हणावं लागतंय.

राज्यात काँग्रेसला ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या. सत्ता राहिली, पण ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर.

निकालातून काय घेतलं?

या निकालानं यशवंतरावांना एक हुकमी मुद्दा मिळाला. द्वैभाषिक चालत नाही, हे आता आकडेच सांगत होते. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा समितीनं प्रचंड निदर्शनं केली. लोकांचा राग नेहरूंनी डोळ्यांनी बघितला. पुढच्या काळात यशवंतरावांनी दिल्लीचं मन वळवलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं.

श्रेय कोणाचं, हा वाद आजही चालतो. रस्त्यावर रक्त सांडलं नसतं तर दिल्ली हलली नसती, हे खरंच आहे. आणि ते गाऱ्हाणं सत्तेच्या आत राहून मांडणारा माणूस लागला, हेही खरं आहे.

यशवंतरावांनी विरोधकांशी दावा धरला नाही. यशवंतराव मोहिते पुढं काँग्रेसमध्ये आले आणि मंत्रीही झाले. पंचायत राज, सहकारी साखर कारखानदारी, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फी माफी, शिवाजी विद्यापीठ, हे सगळं त्यांच्या काळातलं.

१९६२ ला कराडनं त्यांना तिसऱ्यांदा निवडून दिलं. पण त्याच वर्षी चीननं हल्ला केला आणि नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. नाशिकमधून ते बिनविरोध लोकसभेवर गेले. कराडची आमदारकी सुटली ती कायमची.

पुढं गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती आणि १९७९ ला उपपंतप्रधानपद. १९६७ पासून साताऱ्यानं त्यांना चारदा खासदार केलं. १९८० ला इंदिरा लाटेतही ते समोरच्या काँग्रेसकडून साताऱ्यातून निवडून आले. १९८३ च्या जूनमध्ये वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव गेले.

त्यांच्या पश्चात कराडचे दोन्ही मतदारसंघ राज्याच्या राजकारणात गाजत राहिले. दक्षिणेतून विलासकाका उंडाळकर सलग सात वेळा आमदार झाले, नंतर पृथ्वीराज चव्हाण दोनदा निवडून आले. उत्तरेतून बाळासाहेब पाटील सलग पाच वेळा जिंकले. २०२४ ला मात्र दोन्ही ठिकाणी भाजप आला. उत्तरेत मनोज घोरपडे, दक्षिणेत अतुल भोसले.

मतदारसंघांच्या हद्दीही बदलल्या. कराड शहर आता दक्षिणेत येतं. त्यामुळं कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरची यशवंतरावांची समाधीही कराड दक्षिणमध्येच आहे. २५ नोव्हेंबरला तिथं सगळ्या पक्षांचे नेते येतात. त्यात काही असेही असतात, ज्यांच्या आजोबांनी १९५७ ला यशवंतरावांना पाडायचा चंग बांधला होता.