राजे घडविणारा सरदार

निवडणुकीचा निकाल त्रिशंकू लागला की वृत्तपत्रांतून ‘किंगमेकर’ हा शब्द हमखास डोकावतो. इंग्लंडच्या इतिहासात हे बिरुद कायमचे चिकटले ते रिचर्ड नेव्हिल, म्हणजेच वॉरिकचा अर्ल याला.

१४२८ मध्ये जन्मलेल्या रिचर्डचा विवाह बालवयातच अ‍ॅन बीचम हिच्याशी झाला. तिच्या वारशाने १४४९ मध्ये वॉरिकची अर्लपदवी आणि अफाट जमीनजुमला त्याच्या हाती आला. लंडनमधील त्याच्या वाड्यावर एका न्याहारीला सहा बैलांचे मांस लागे. ओळखीचा कोणीही खंजिराच्या पात्यावर मावेल तेवढे भाजलेले मांस घेऊन जाऊ शके, अशी तत्कालीन बखरीत नोंद आहे. लोकप्रियतेची किंमत त्याला नेमकी ठाऊक होती.

राजा सहावा हेन्री मनाने दुर्बळ होता. यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्याच्या दोन शाखांमध्ये संघर्ष पेटला, तेव्हा वॉरिकने यॉर्कची बाजू घेतली. १४५५ च्या सेंट ऑल्बन्सच्या लढाईनंतर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅले हे इंग्रजी ठाणे, तेथील खड्या फौजेसह, त्याच्या ताब्यात आले. १४६० च्या अखेरीस यॉर्कचा ड्यूक आणि वॉरिकचे वडील दोघेही मारले गेले. मात्र तीनच महिन्यांत, १४६१ च्या मार्चमध्ये, ड्यूकचा मुलगा चौथा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. त्याला तेथवर पोहोचविण्यात वॉरिकचा वाटा सर्वांत मोठा होता.

बिनसले ते एका लग्नावरून. वॉरिक फ्रान्सच्या राजघराण्याशी सोयरीक जुळविण्यात गुंतला असताना एडवर्डने १४६४ मध्ये एलिझाबेथ वुडव्हिल या विधवेशी गुपचूप लग्न उरकले. अपमान तर झालाच. पण तिचे आप्त मानाच्या जागा पटकावू लागले, हे अधिक झोंबले. १४६९ मध्ये वॉरिकने राजाच्या धाकट्या भावाला, क्लॅरेन्सच्या ड्यूकला, जावई करून घेतले आणि खुद्द राजालाच काही काळ कैदेत ठेवले. मात्र कैदेतल्या राजाच्या नावाने राज्य चालेना, तेव्हा त्याला सोडावे लागले.

१४७० मध्ये वॉरिकला फ्रान्सला पळावे लागले. तेथे त्याने जुनी वैरीण, हेन्रीची राणी मार्गारेट, हिच्याशी तह केला आणि आपली धाकटी मुलगी अ‍ॅन तिच्या मुलाला देऊ केली. त्याच वर्षी हेन्री पुन्हा गादीवर आला. हा डाव जेमतेम सहा महिने टिकला. १४७१ च्या मार्चमध्ये एडवर्ड परतला आणि जावई क्लॅरेन्सने पक्ष बदलला.

१४ एप्रिल १४७१. ईस्टरचा रविवार. बार्नेटच्या माळावर दाट धुके होते. ऑक्सफर्डच्या अर्लच्या शिपायांचे ताऱ्याचे चिन्ह एडवर्डच्या सूर्यचिन्हासारखे भासले आणि वॉरिकच्या तिरंदाजांनी आपल्याच माणसांवर बाण सोडल्याचे सांगितले जाते. फौज उधळली, पळताना वॉरिक मारला गेला. तो जिवंत असल्याची अफवा उठू नये म्हणून त्याचे प्रेत सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये लोकांना दाखविण्यात आले. पुढे १४८३ मध्ये अ‍ॅन इंग्लंडची राणी झाली, पण एडवर्डचा सर्वांत धाकटा भाऊ तिसरा रिचर्ड याची पत्नी म्हणून.