तिसऱ्यांदा लिहिलेलं पुस्तक

डॉ. ऑलिव्हर एव्हिसन यांचा जन्म १८६० चा. टोरोंटोतली मेडिकलची शिकवणी सोडून ते १८९३ साली कोरियात गेले आणि सोलचं जेजुंगवॉन हॉस्पिटल सांभाळू लागले. तिथल्या पोरांना त्यांच्याच भाषेतून डॉक्टर करायचं, असं त्यांनी ठरवलं. पण पुस्तक कुठाय? आपल्याला निदान सीनियरच्या नोट्स तरी मिळतात!

त्यांनी ग्रे यांची इंग्रजी ‘अ‍ॅनाटॉमी’ कोरियनमध्ये आणायला घेतली. मदतनीस वारला आणि हस्तलिखितही गेलं. मग किम पिल-सुन या विद्यार्थ्याला घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. तेही आगीत जळालं! दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. तिसऱ्या वेळी इमादा यांचं जपानी पुस्तक धरलं. त्यातल्या संज्ञा चिनी अक्षरांत, त्यामुळे कोरियन उच्चारात जशाच्या तशा घेता येत. ‘नर्व्ह’साठी जपान्यांनी १७७४ च्या एका भाषांतरात ‘शिंकेई’ शब्द घडवला होता. त्याच अक्षरांचा कोरियन उच्चार ‘सिंग्यंग’. कोरियात आजही हाच शब्द चालतो.

१९०६ मध्ये पुस्तक छापून झालं. १९०८ मध्ये किमसह सातजण डॉक्टर होऊन बाहेर पडले. एव्हिसन १९५६ साली वारले.