आजीचा वसा : वैद्यीण थान युन्-श्येन

घरातले सर्वांत उशिरा उघड होणारे दुखणे म्हणजे घरच्या बाईचे. मुलाला कणकण आली की लगोलग औषध येते. बाईची कंबर धरली तरी ती स्वयंपाकाला उभी राहते आणि दुखणे अंगावर काढते. अंगावर काढलेले दुखणे मुरते, आणि मुरलेले लवकर हटत नाही. पाचशे वर्षांपूर्वी चीन देशातील एका बाईने हे जाणले व आपले आयुष्य अशा दुखण्यांच्या सेवेत घालविले. चीनच्या वैद्यकाच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या थान युन्-श्येनबाईंचे चरित्र मंडळाच्या भगिनींपुढे थोडक्यात ठेवीत आहे.

बाईंचा जन्म १४६१ साली, मिंग राजवटीत, च्यांगसू प्रांतातील वूशी या गावच्या सुशिक्षित घराण्यात झाला. आजोबा व आजी दोघांनाही वैद्यकाची उत्तम जाण होती. नातीची बुद्धी पाहून दोघांनी ठरविले की, हिला केवळ शिवणटिपणात अडकवायचे नाही. नाडीपरीक्षेचे जुने ग्रंथ पोरीने पाठ केले आणि त्यांचा अर्थ आजीने समजावून दिला.

पुढे यांग घराण्यात विवाह झाला. संसारात बाई स्वतःच आजारी पडू लागल्या, तेव्हा त्यांनी एक रीत ठेविली. वैद्य घरी येण्यापूर्वी आपली नाडी आपणच पाहायची, औषध मनाशी ठरवायचे आणि मग वैद्याच्या सांगण्याशी ते ताडून पाहायचे. तीन मुली व एक मुलगा यांची दुखणीही त्यांनीच सांभाळली. प्रत्येक वेळी निर्णय मात्र आजीला दाखवून घेतला.

आजी गेली. जाताना तिने आपल्या औषधांची टिपणे व साधने नातीच्या हाती दिली. त्या दुःखाने बाईंनी अंथरूण धरले ते सात महिने. आशा सुटत आली असता आजी स्वप्नात आली. हे दुखणे जिवावरचे नाही, औषध अमुक पुस्तकात आहे, तू त्र्याहत्तर वर्षे जगशील व लोकांना बरे करशील, असे तिने सांगितले. बाई उठल्या, औषध शोधून घेतले आणि बऱ्या झाल्या. स्वप्न खरे मानावे की न मानावे, ते ज्याच्या त्याच्यावर. पण त्यानंतर दारी येणाऱ्या बायकांना त्यांनी पाठ दाखविली नाही.

त्या काळी कुलीन स्त्रीने परपुरुष वैद्यापुढे आपले दुखणे उकलून सांगणे संकोचाचे होते. म्हणून बायका युन्-श्येनबाईंकडे येत. पन्नाशी गाठल्यावर आयुष्याचा मोठा भाग सरला असे वाटून त्यांनी एकतीस रोगिणींच्या हकिकती लिहून काढल्या. बाईला बाहेर वावरता येत नव्हते, म्हणून मुलगा यांग ल्येन याने सुवाच्य अक्षरात प्रत करून लाकडी ठशांवर ती कोरविली. १५११ साली हे पुस्तक निघाले.

त्यात गर्भपात, बाळंतपणानंतरचे अशक्तपण, जुना खोकला, मानेवरच्या गंडमाळा अशी चिवट दुखणी आहेत. वीटभट्टीच्या कामात रात्रीपर्यंत राबणारी एक बाई आहे. तिचा रक्तस्राव तीन महिने थांबत नव्हता. नावेचे सुकाणू धरून हात बधिर झालेली दुसरी आहे. बाई आधी विचारीत, हे कशाने झाले? श्रम, राग, शोक, लागोपाठची बाळंतपणे, असे कारण हाती आले की मग उपचार. पोटात घेण्यास काढे व गोळ्या. शिवाय दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा वाळला पाला कुटून, त्याची बारीक गोळी ठराविक जागी कातडीवर ठेवून पेटवीत.

आज आपल्याला अधिक कळले आहे. गंडमाळा बहुधा क्षयाच्या जंतूंमुळे होतात. तो जंतू चटक्याने किंवा काढ्याने मरत नाही. त्याची गुणकारी औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मात्र ती नेमाने काही महिने घ्यावी लागतात. न थांबणाऱ्या रक्तस्रावामागे गाठ किंवा कर्करोगही असू शकतो. तेथे घरगुती उपायांत दिवस घालविणे घातक आहे. तेव्हा युन्-श्येनबाईंकडून घ्यायचे ते औषध नव्हे. घ्यायची ती त्यांची विचारण्याची रीत.

बाई स्वप्नातली त्र्याहत्तर वर्षे ओलांडून नव्वदीच्याही पुढे जगल्या. परंतु मुलगा आधीच गेला होता, आणि पुढे नातूही दुसऱ्याच्या अपराधात गोवला जाऊन प्राणाला मुकला. घरात पुस्तक जपणारे कोणी उरले नाही. अखेर माहेरच्या भावकीतील थान शिऊ या नातवाने १५८५ साली ते पुन्हा छापविले, म्हणून त्या एकतीस अनाम बायका आजही आपल्याशी बोलतात.

आजीने नातीला दिलेला हा वसा आपणही घेऊ या. शेजारणीचा चेहरा उतरलेला दिसला, तर तिला जवळ बसवून विचारावे, आणि वेळ न दवडता तिच्यासोबत दवाखान्याची पायरी चढावी. आणि आपल्याला कोणी विचारले, तर काही नाही म्हणून टाळू नये.